पुरुषी नावांचा हजेरीपट

टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदकाराची ‘मॉन्स्ट्रस रेजिमेंट’ ही अद्भुतरम्य कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. बोरोग्राव्हिया नामक एका कल्पित, कर्मठ आणि अखंड युद्धांनी जर्जर झालेल्या मुलखातील पॉली पर्क्स ही खानावळवाल्याची मुलगी, बेपत्ता भावाच्या शोधार्थ केस कापून व ऑलिव्हर हे नाव धारण करून फौजेत दाखल होते; आणि कथा जसजशी पुढे सरकते तसतसे तिच्या तुकडीतील सारे रंगरूट, मग ते मनुष्य असोत, दगडी देहाचे राक्षस असोत वा रक्तपिपासू पिशाच असोत, वेषांतर केलेल्या स्त्रियाच आहेत असे निष्पन्न होत जाते. वाचक या योजनेला निखळ कल्पनाविलास समजून हसतो. परंतु सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपचे लष्करी इतिहास, न्यायालयांतील जबान्या आणि पेन्शनीची दप्तरे चाळणाऱ्यास असे दिसेल की, यातील अतिशयोक्ती केवळ संख्येची आहे, वस्तुस्थितीची नव्हे. नेदरलंड्समधील कागदपत्रे तपासणाऱ्या दोघा संशोधकांना सोळाव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्याच्या पूर्वार्धापर्यंत पुरुषवेषात राहिलेल्या ११९ स्त्रिया आढळल्या, आणि त्यांपैकी बहुसंख्य सैनिक वा खलाशी होत्या. ही गणना केवळ उघडकीस आलेल्यांची. ज्यांचे बिंग कधी फुटलेच नाही त्यांची नोंद कोणते दप्तर ठेवणार?

असे वेषांतर वर्षानुवर्षे खपून कसे जात असे, या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या फौजेच्या घडणीतच सापडते. भरतीसाठी हिंडणाऱ्या हवालदारास माणसे हवी असत. उमेदवाराच्या देहाची बारकाईने तपासणी करण्याची रीत नव्हती, वयाचा दाखला नव्हता, आणि मिसरूड न फुटलेली पोरेही सर्रास भरती होत असल्यामुळे गुळगुळीत गाल व बारीक आवाज यांचा कोणास संशय येत नसे. सैनिक अंगावरच्या कपड्यांनिशीच झोपत, आणि स्नानाचे प्रसंग विरळ असत. मुख्य म्हणजे, पोशाख हीच व्यक्तीच्या जातीची, दर्जाची आणि लिंगाची सनद मानणाऱ्या त्या समाजात विजार घातलेला देह पुरुषाचाच, हा निर्णय पाहणाऱ्याच्या मनात विचारापूर्वीच झालेला असे.

डब्लिनच्या ख्रिश्चन डेव्हीस हिची कैफियत या दृष्टीने उद्बोधक आहे. नवरा फौजेत ओढला गेल्याचे कळताच मुले सोयऱ्यांच्या हवाली करून ती १६९३ साली त्याच्या मागोमाग लष्करात शिरली, प्रथम पायदळात आणि मग घोडदळात चाकरी करती झाली, आणि १७०४ च्या ब्लेनहाइमच्या लढाईनंतर नवरा सापडला तेव्हा तिने त्याला आपला भाऊ म्हणवून घ्यावयास लावून नोकरी पुढे चालूच ठेवली. १७०६ साली रामिली येथे डोक्यास जखम झाली आणि शस्त्रवैद्यापुढे गुपित फुटले. तिच्या नावे प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात अशीही हकिगत आहे की, एका बाईने आपल्या पोटच्या पोराचे पितृत्व या ‘शिपाया’वर लादले, तेव्हा तिने वाद न घालता पोराच्या पोषणाचा भार उचलला. पितृत्वाच्या आरोपापुढे निरुत्तर होणारी ही स्त्री प्रॅचेटच्या पानावर असती तर आपण लेखकाच्या कल्पकतेस दाद दिली असती.

हॅना स्नेल हिची कथा तर थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचते. परागंदा झालेल्या नवऱ्याच्या शोधासाठी बहिणीच्या यजमानांचे कपडे व त्यांचेच जेम्स ग्रे हे नाव घेऊन निघालेली ही स्त्री आरमारी शिपाई झाली, आणि १७४८ साली ॲडमिरल बॉस्कॉवेन याने फ्रेंचांच्या पाँडिचेरीस घातलेल्या, पण निष्फळ ठरलेल्या वेढ्यात पायांना गोळ्या लागून जखमी झाली. परतीच्या वाटेवर जहाज दुरुस्तीसाठी मुंबई बंदरात थांबले असता, गाणे म्हणण्याचा अधिकाऱ्याचा हुकूम नाकारल्याने त्याचा रोष ओढवून पुढे तिला फटके खावे लागले, असे तिच्या चरित्रात नमूद आहे. १७५० साली लंडनास पोहोचल्यावर तिने स्वतःच आपले स्त्रीत्व जाहीर केले. लगोलग तिचे चरित्र छापून निघाले, वर्दी घालून तिने रंगभूमीवर कवायत करून दाखविली, आणि चेल्सीच्या लष्करी आश्रयगृहाकडून तिला पेन्शन मंजूर झाली.

रशियात नादेझ्दा दुरोवा १८०६ साली आपले बायकी कपडे नदीकाठी टाकून घोड्यावर स्वार होऊन निघून गेली. पित्याच्या तपासामुळे बातमी दरबारी पोहोचली, तेव्हा झार अलेक्झांडर पहिला याने तिला परत धाडण्याऐवजी शौर्यपदक, अधिकारपद आणि स्वतःच्या नावावरून अलेक्झांद्रोव्ह हे आडनाव बहाल केले. बोरोदिनोच्या संग्रामात ती होती. पुढे तिच्या आठवणींचा काही भाग १८३६ साली पुश्किनने आपल्या नियतकालिकात छापला. त्या आठवणींतून मात्र तिने स्वतःचा विवाह आणि मुलगा हे दोन्ही वगळले होते.

ही औदार्याची उदाहरणे वाचून तत्कालीन राज्यसंस्था उदारमतवादी होती असे कोणी समजू नये. कॅथरिना लिंक हिनेही पुरुषवेषात अनेक फौजांची चाकरी केली होती. परंतु तिने त्याच वेषात एका स्त्रीशी लग्न लावले, आणि १७२१ साली हाल्बरश्टाट येथे तिचा शिरच्छेद झाला. नवऱ्याच्या शोधात निघालेली पतिव्रता, किंवा सम्राटाच्या खास मर्जीतील वीरांगना, अशा चौकटीत जी बसविता येई तिला बक्षिसी. जी बसविता येत नसे तिला खड्ग. बक्षिसीमागेही एक हिशेब होताच. प्रत्येक स्त्रीस एकाकी नवल म्हणून मिरविले की, ती अपवाद ठरे आणि नियमास धक्का लागत नसे. एकोणिसाव्या शतकात वैद्यकीय तपासणी व जन्मनोंदी पक्क्या झाल्या आणि फौजेचा तो दरवाजा हळूहळू बंद झाला. नवलकथा तेवढ्या शिल्लक राहिल्या.

प्रॅचेटचे खरे कर्तृत्व या हिशेबाची उलटतपासणी करण्यात आहे. इतिहासाने जे अपवाद निरनिराळ्या देशांत व दशकांत विखरून ठेवले, ते त्याने एकाच हजेरीपटावर मांडले. मुरलेला, शिवराळ सार्जंट जॅक्रम आणि सेनापतिमंडळातील काही बडे अधिकारीही अखेरीस स्त्रियाच निघतात, तेव्हा हसू येते ते बायकांच्या धाडसाचे नव्हे. शिपाईगिरी हा पुरुषाचा निसर्गदत्त मक्ता आहे असे ज्यांनी शतकानुशतके निःशंकपणे दप्तरी लावले, आणि ज्यांना आपल्याच रांगेत उभे असलेले सैनिक ओळखता आले नाहीत, त्या व्यवस्थेचे येते.