पाना तुटला तर नवा फुकट मिळतो का?

अमेरिकेतील ‘क्राफ्ट्समन’ पाने याच सोयीमुळे प्रसिद्ध झाले. १९२७ पासून हा सिअर्सचा ब्रँड होता. तुटलेला पाना दुकानात द्यायचा आणि नवा घेऊन जायचा. २०१७ मध्ये तो स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने घेतला.

मात्र ‘लाइफटाइम वॉरंटी’ म्हणजे सगळं माफ नव्हे. गंजलेला नट सोडवायला दांड्याला पाइप लावून लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोरात पीळही दुप्पट बसतो. असा वापर किंवा हाताची गोटी इम्पॅक्ट गनवर चढवणं बहुतेक कंपन्या गैरवापर मानतात. शिवाय तडकलेल्या गोटीचा तुकडा डोळ्यात उडू शकतो. टॉर्क रेंचसाठी अटी अनेकदा वेगळ्या असतात.

म्हणून बिलाचा फोटो काढून ठेवा आणि तुटलेले तुकडे फेकू नका.