खास न्यायालये आणि अपिलाचा हक्क : १९४२ ते १९४५

आंजी (मोठी) ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील आष्टी येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी जमाव व पोलीस यांच्यात चकमक होऊन दोन्ही पक्षांकडील माणसे मारली गेली. त्या दिवशीच्या चिमूर-प्रकरणाप्रमाणे आष्टीचाही खटला खास न्यायालयापुढे चालून फाशीच्या शिक्षा झाल्या.

ही न्यायालये १९४२ च्या दुसऱ्या वटहुकुमाने निर्माण झाली होती. त्यांच्या निकालावर नेहमीचे अपील नव्हते. भारी शिक्षांची फेरतपासणी मात्र प्रांतिक सरकारने नेमलेल्या न्यायाधीशाकडे सोपविलेली होती. जून १९४३ मध्ये कलकत्त्याच्या एका प्रकरणात फेडरल कोर्टाने ही व्यवस्था अवैध ठरविली. कोणता खटला कोणत्या न्यायालयापुढे चालवावा, हे ठरविण्याचा अनिर्बंध अधिकार कार्यकारी अधिकाऱ्यांना देता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. सरकारने तत्काळ नवा वटहुकूम काढून जुना रद्द केला. त्यात झालेल्या शिक्षा कायम राहिल्या. परंतु त्यांवर अपिलाचा मार्ग खुला झाला. नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने फेडरल कोर्टाचे मत अमान्य केले. मूळ वटहुकूम मात्र तोवर रद्द झालेला होता.

चिमूर-आष्टी खटल्यांतील प्रलंबित फाशीच्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलल्या, त्या दयेच्या अधिकाराने. अपील आणि दया यांतील भेद येथे स्पष्ट होतो. दया शिक्षा सौम्य करते. ती देण्याचा अधिकार होता की नाही, हे वरिष्ठ न्यायालयच तपासू शकते.