रत्नागिरीची माडाची दारू आणि आबकारी धोरण : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

मद्याच्या इतिहासाकडे मराठी इतिहासलेखनाने बहुधा दारूबंदीच्या चळवळीच्या बाजूने पाहिले आहे. त्यामुळे पिणाऱ्याचे व्यसन, सरकारचा महसूल आणि सुधारकांचा विरोध या तीन विषयांवर पुष्कळ लेखन झाले. दारू गाळणारा कारागीर मात्र या लेखनात क्वचितच भेटतो. भेटला तर तो गुन्हेगार म्हणून भेटतो. कोकण किनाऱ्यावर, विशेषतः जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, माडाच्या रसापासून दारू गाळणे हा कित्येक पिढ्यांचा उघड व्यवसाय होता. त्या व्यवसायाला स्वतःचे तंत्र होते, प्रतवारी होती आणि गावगाड्यात स्थानही होते. तो व्यवसाय नैतिक प्रबोधनामुळे संपला, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. कायद्यांचा क्रम पाहिला असता ती टिकत नाही. दारूबंदी येण्याच्या सुमारे सत्तर वर्षे आधीच, दारू विकून महसूल मिळवू इच्छिणाऱ्या सरकारनेच या व्यवसायाचा पाया काढून घेतला होता. तो कसा, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. लेखातील ‘जुना रत्नागिरी जिल्हा’ म्हणजे १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वीचा जिल्हा. ब्रिटिश अमदानीत हा जिल्हा दक्षिणेस वेंगुर्ल्यापर्यंत पसरला होता. त्याला लागून सावंतवाडी संस्थान आणि तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीज गोवा होता. म्हणजे एकच किनारा, तोच माड आणि जवळपास तीच बोली तीन राजवटींत विभागलेली होती. तुलनेसाठी याहून सोयीचा प्रदेश सापडणे कठीण.

माडाचा रस आणि काळाचे बंधन

माडाला येणारी कोवळी पोय उमलण्यापूर्वी दोरीने आवळून बांधतात, हलक्या हाताने ठेचतात आणि तिचे टोक धारदार कोयत्याने छेदतात. काही दिवसांनी छेदातून रस झिरपू लागतो व तो पोयीला बांधलेल्या मडक्यात जमा होतो. छेद रोज ताजा करावा लागतो. सकाळ-संध्याकाळ रस उतरवण्यासाठी आणि मध्ये एकदा पोय तासण्यासाठी, असे दिवसातून तीनदा झाडावर चढावे लागते. एका माडापासून दिवसाला साधारण एक ते दोन लिटर रस मिळतो. ताजा रस गोड असतो, तीच नीरा. परंतु मडक्यातील व हवेतील यीस्टमुळे काही तासांतच तो आंबू लागतो आणि त्याची माडी होते. दिवस सरता सरता तिच्यात चार ते सहा टक्के मद्यार्क तयार होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिची वाटचाल शिर्क्याकडे सुरू होते.

या साध्या रासायनिक वस्तुस्थितीत संपूर्ण व्यवसायाची रचना दडलेली आहे. माडी थांबत नाही. ती साठवून ठेवता येत नाही, बैलगाडीने किंवा गलबताने दूरच्या कारखान्याला पाठविता येत नाही. म्हणून भट्टी माडाच्या बागेलगतच असावी लागते, आणि एका वेळी गाळला जाणारा घाणाही लहानच राहतो. आज जगभर ‘लहान घाण्याचे मद्य’ ही अभिमानाची आणि चढ्या किमतीची बाब मानली जाते. कोकणात लहान घाणा ही निवड नव्हती, ती कच्च्या मालाने घातलेली अट होती.

गाळण्याचे साहित्यही बेताचेच होते : आंबलेला रस उकळण्यासाठी मातीचे किंवा तांब्याचे भांडे, वाफ वाहून नेणारी नळी आणि पाण्याने थंड राखलेले दुसरे भांडे. कौशल्य होते ते जाळ राखण्यात आणि धार केव्हा तोडायची हे ओळखण्यात. पहिल्या गाळणीत निघणारी सौम्य दारू पुन्हा गाळली की ती कडक होत जाई. मुंबई इलाख्याच्या आबकारी व्यवहारात ‘राशी’ आणि ‘फेणी’ अशी माडाच्या दारूची नावे आढळतात; त्यांपैकी राशी सौम्य आणि फेणी कडक. फेणी हा शब्द ‘फेन’ म्हणजे फेस यावरून आला असे मानले जाते. दारू ओतताना येणारे बुडबुडे किती मोठे आणि किती वेळ टिकतात, यावरून तिचा कडकपणा जाणकार सांगत. नाव आणि परीक्षा, दोन्ही एकाच निरीक्षणातून निघाली.

ही प्रतवारी किती जुनी आहे याचा एक पुरावा १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या वनौषधींवरील संवादग्रंथात मिळतो. माडाच्या रसाला ‘सुरा’ म्हणतात, त्यापासून गाळलेल्या उत्तम दारूला ‘फुला’ म्हणजे फूल म्हणतात आणि उरलेल्या हलक्या दारूत थोडे ‘फूल’ मिसळतात, अशा आशयाची नोंद ओर्ता यांनी केली आहे. सोळाव्या शतकातच किनाऱ्यावरचा कारागीर आपल्या मालाचे उत्तम आणि सामान्य असे भाग करीत होता व त्यांचे मिश्रणही जाणीवपूर्वक करीत होता, हे यावरून स्पष्ट होते.

हा व्यवसाय प्रामुख्याने भंडारी समाजाकडे होता. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधील रत्नागिरी व सावंतवाडी खंडात या समाजाचा परंपरागत धंदा माड छेदणे हाच दिला आहे. अर्थात समाजाची ओळख एवढ्यापुरती कधीच नव्हती. शिवकालीन आरमारातील मायनाक भंडारी यांचे नाव १६७९ च्या खांदेरीच्या प्रसंगाने सर्वपरिचित आहे. माडावर चढणे, डोलकाठीवर चढणे आणि शेती करणे ही कामे एकाच घरात चालत. दारूचे स्थानही केवळ नशेपुरते नव्हते. दक्षिण कोकणात गावच्या राखणदाराला राखण देताना, गाऱ्हाणे घालताना दारूचा मान असे, आणि सर्दी-पडशात किंवा अंग चोळण्यासाठी घरात ती थोडी बाळगली जाई. या वापरातून तिला बाजारभावापलीकडचे मोल मिळाले होते.

१८७८ चा कायदा

पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये दक्षिण कोकण ब्रिटिशांकडे आले. त्यानंतरची काही दशके कंपनी सरकारने जुनी मक्तेपद्धतच थोड्याफार फरकाने चालू ठेवली. निर्णायक बदल झाला तो १८७० च्या दशकात. मुंबई इलाख्याचे जकात, मीठ, अफू व आबकारी खात्याचे आयुक्त सी. बी. प्रिचर्ड यांनी आबकारीची जी नवी घडी बसवली, तिला १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने (१८७८ चा पाचवा कायदा) रूप दिले. परवान्याविना गाळणे गुन्हा ठरले, माड छेदण्यासाठी परवाना आणि झाडामागे कर लागू झाला, आणि दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क किमान उत्पन्नाची हमी देणाऱ्या मोठ्या मक्तेदारांकडे एकवटत गेला.

या कायद्यामागचा हेतू लपलेला नव्हता. कर दारूच्या कडकपणावर घ्यायचा, तर दारू मोजता आली पाहिजे. मोजायची, तर भट्ट्या थोड्या आणि देखरेखीखाली हव्यात. शेकडो बागांतून विखुरलेल्या भट्ट्यांवर शिपाई ठेवणे सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून गाळणी मोठ्या, बंदिस्त भट्ट्यांत नेण्यात आली. उरणच्या परिसरात पारशी मक्तेदारांच्या अशा भट्ट्या भरभराटीस आल्या. तेथे गाळले जाई ते मोहाचे फूल. मोहाची फुले वाळवता येतात, पोत्यांत भरता येतात, महिनोन्‌महिने साठवता येतात, पंचमहालासारख्या दूरच्या भागातून रेल्वेने आणता येतात. माडीबाबत यातले काहीही शक्य नव्हते. कायद्याच्या कोणत्याही कलमात ‘माडाची दारू बंद करावी’ असे लिहिलेले नव्हते आणि तसे लिहिण्याची गरजही नव्हती. देखरेखीच्या सोयीसाठी केलेल्या व्यवस्थेने साठवता येणाऱ्या कच्च्या मालाला जिंकवले आणि न साठवता येणाऱ्याला हरवले. वाढीव झाडकराविरुद्ध ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून अर्ज-तक्रारी झाल्या. पुढे १८९२ मध्ये त्याच दोन जिल्ह्यांसाठी खास मोहाविषयक कायदा करून घरोघरच्या मोहफुलांवरही बंधन आणले गेले. मक्तेदाराच्या भट्टीत जाणारे फूल वैध आणि आदिवासीच्या घरातले फूल संशयास्पद, असा हा न्याय होता.

प्रतवारीचेही तसेच झाले. राशी आणि फेणी या कारागिराच्या संज्ञांच्या जागी द्रवमापकाचे अंक आले. मुंबई इलाख्यात सर्वसाधारणपणे ‘प्रमाणापेक्षा २५ अंश कमी’ आणि ‘प्रमाणापेक्षा ६० अंश कमी’ अशा दोन ठरावीक कडकपणांची दारू विकली जाई. ब्रिटिश प्रमाण स्पिरिटात सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क असतो. त्यात २५ टक्के घट केली की ४२.८ हा आकडा येतो. भारतात आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक मद्याच्या बाटल्यांवर, गोव्याच्या फेणीच्याही, हाच ४२.८ टक्के आकडा छापलेला असतो. फेणीच्या बुडबुड्यांशी त्याचा संबंध नाही. तो आबकारी खात्याच्या तक्त्यातून आला आहे.

त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडमध्ये, १८२३ च्या अबकारी कायद्याने कर निम्म्याहून अधिक उतरवला, दहा पौंडांत वार्षिक परवाना दिला आणि चाळीस गॅलनच्या भांड्यालाही मान्यता दिली. चोरून गाळणाऱ्या डोंगरी शेतकऱ्यांपैकी काही त्यामुळे परवानाधारक झाले. आजच्या नामांकित स्कॉच व्हिस्कीचा पाया तेथे आहे. तेथील माल्ट साठवता येत होता, हा फरक ध्यानात घेतला तरी धोरणाची दिशा उलटी होती हे नाकारता येत नाही.

राष्ट्रीय सभेने १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात आबकारी पद्धतीमुळे मद्यपान वाढत असल्याबद्दल चिंता व्यक्त केली. ३० एप्रिल १८८९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये सॅम्युएल स्मिथ यांनी याच प्रश्नावर मांडलेला ठरावही संमत झाला. ही टीका महसुली धोरणावर होती आणि ती रास्तच होती. परंतु तिच्यात कारागिराच्या बाजूचा उल्लेख अभावानेच येतो. सरकारला तो नको होता, सुधारकांनाही नको होता.

‘देशी’, ‘विदेशी’ आणि ‘हातभट्टी’

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला व एप्रिल १९५० पासून राज्यभर दारूबंदी लागू झाली. पुढे ती टप्प्याटप्प्याने सैल झाली. १९७३ च्या देशी मद्य नियमांनी ‘देशी दारू’ पुन्हा अधिकृत केली. पण ही देशी दारू साखर कारखान्यांच्या मळीपासून निघणाऱ्या शुद्ध मद्यार्कात पाणी व स्वाद मिसळून मोठ्या कारखान्यांत तयार होणारी. मळीही मोहाप्रमाणेच साठवता येते. १८७८ चा तर्क येथे पूर्णत्वास गेला. माडीची परवान्यावर विक्री चालू राहिली, तिचे गाळप मात्र कायद्याबाहेरच राहिले.

यापुढचा बदल भाषेत दिसतो. ‘हातभट्टी’ या शब्दाचा सरळ अर्थ हाताने चालवलेली लहान भट्टी. १९८१ च्या स्थानबद्धता कायद्याच्या मराठी नावात झोपडपट्टीदादांच्या शेजारी ‘हातभट्टीवाले’ येऊन बसले. विषारी दारूच्या दुर्घटनांनी या शब्दाला आणखी काळिमा लावला, आणि ती भीती निराधार नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली. मात्र तेथे घातक ठरले ते मिथेनॉल हे औद्योगिक रसायन. कारागिराच्या गाळपाचा तो दोष नव्हता. परंतु परंपरागत हात निघून गेल्यावर बेकायदा धंद्यात कोण शिरते, याचे ते उदाहरण आहे.

गोव्याचा मार्ग वेगळा ठरला, आणि तोही योगायोगानेच. २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने ब्रिटिश धर्तीची आबकारी गोव्यातही आली होती. तथापि तो करार १८९२ मध्ये संपुष्टात आला आणि लहान भट्ट्या तेथे परवान्याखाली टिकून राहिल्या. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेल्या काजूने दरम्यान माडाशी बरोबरी केली होती. बोंडू चेचून काढलेला रस आंबवून पहिल्या गाळणीत उर्राक आणि पुढे फेणी काढण्याची रीत माडाच्याच रीतीवरून घेतलेली दिसते. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. निर्देशांक मिळाला तो परदेशी झाडाच्या दारूला; जिच्यापासून नाव आणि तंत्र आले ती माडाची फेणी त्यात नव्हती. माडावर चढणारे हात तर आता गोव्यातही कमी होत चालले आहेत.

महाराष्ट्राच्या बाजूला हापूसला २०१८ मध्ये निर्देशांक लाभला, कोकमाला त्याआधीच लाभला होता. काजूसाठी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने उत्तमोत्तम जाती दिल्या, पण त्या बीच्या आकारासाठी वाखाणल्या जातात. बोंडूचे वजन बीच्या सहा-आठ पट असते आणि तो गळून पडल्यावर माडीसारखाच एका दिवसात खराब होऊ लागतो. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजू बोंडे, मोहफुले व फळांपासून राज्यात तयार होणाऱ्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. करआकारणी आणि विक्रीच्या दृष्टीने त्यात उत्पादकाची सोय असेलही. पण कोकणच्या झाडाचा रस प्रतिष्ठित होण्यासाठी त्याला विदेशी म्हणवून घ्यावे लागते, ही परिस्थिती १८७८ पासूनच्या वर्गीकरणाशी सुसंगतच म्हणावी लागेल. त्या वर्गीकरणात ‘देशी’ हा शब्द मळीने आधीच अडवून ठेवला होता. लांजा-राजापूर भागात बी काढून घेतल्यावर बोंडू बहुतांशी झाडाखालीच कुजतो; दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातील काही बोंडू हंगामात टेंपोने सीमा ओलांडून गोव्यातील भट्ट्यांवर जातो. अंतर कमी असल्यामुळे तो त्याच दिवशी पोहोचतो.