मांडवी ते सॅन फ्रान्सिस्को : प्लेगचा प्रवास

‘गावात उंदीर पडायला लागले, की चंबूगबाळं उचलून रानात झोपडी बांधायची,’ ही प्लेगची आठवण आपल्यापैकी अनेकांनी आजी-पणजीच्या तोंडून ऐकली असेल. गंमत म्हणजे या खेडुतांची समज त्या काळच्या सरकारी डॉक्टरांपेक्षा अचूक होती!

१८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांना प्लेगचा जंतू सापडला. पण तो पसरतो कसा, याचा उलगडा झाला नव्हता. बोटींची ये-जा मात्र चालूच होती. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी मुंबईच्या मांडवी भागात हा रोग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून धान्याच्या वखारी, उंदरांचं माहेरघरच! घाबरलेली माणसं मिळेल त्या गाडीने मुंबई सोडू लागली, आणि साथ पुण्यात पोचली.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. (करोनाच्या वेळी, २०२० मध्ये, हाच कायदा पुन्हा बाहेर निघाला.) पुण्यात रँडसाहेबाचे सोजीर देवघरापर्यंत घुसले, सामानसुमान जाळलं, रुग्णांना उचलून नेलं. २२ जूनला चाफेकर बंधूंनी काय केलं ते आपण शाळेत शिकलो. शाळेत एवढंच सांगितलं नाही, की सोजीर माणसं धुंडाळत होते तेव्हा रोग उंदरांबरोबर या घरातून त्या घरात चालला होता. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. १० मार्चला प्लेगनेच त्यांचा बळी घेतला.

कोडं सुटलं ते कराचीत. जून १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी पिसवा असलेला आजारी उंदीर एका बरणीत ठेवला, आणि जाळीपलीकडे एक निरोगी उंदीर. उंदरांचा एकमेकांना स्पर्श होणं शक्य नव्हतं, पिसू मात्र सहज पलीकडे जाई. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. उंदीर मरून गार पडला की पिसवा त्याला सोडून नवं ऊबदार अंग शोधतात, आणि मग माणसाची पाळी येते. म्हणजे उंदीर पडताच घर सोडणं हाच शहाणपणा होता! (प्लेग फुप्फुसात उतरला तर मात्र खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाला होतो.) सिमाँ यांची बरीच वर्षं टिंगल झाली. १९०५ नंतर मुंबईत परळला झालेल्या प्रयोगांनी त्यांचं म्हणणं खरं ठरवलं.

आता आपल्या बे एरियाकडे येऊ. मार्च १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये प्लेगचा पहिला बळी सापडला. लगेच वस्तीला वेढा पडला, गोऱ्यांची दुकानं तेवढी बाहेर ठेवून! चिनी आणि जपानी लोकांनी लस टोचून घेतल्याशिवाय शहर सोडायचं नाही, असा हुकूम निघाला. लस कुठली? डॉ. हाफकिन यांनी मुंबईत तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतलेली! एका चिनी माणसाने कोर्टात दाद मागितली, आणि हा हुकूम आशियाई लोकांपुरताच असल्याने न्यायाधीशांनी तो रद्द केला.

१९०६ च्या भूकंपानंतर तिथे प्लेग पुन्हा आला. तोवर पिसूचं गुपित फुटलं होतं, त्यामुळे या खेपेला डॉ. रूपर्ट ब्लू माणसांमागे न लागता उंदरांच्या मागे लागले. शहर सुटलं, पण तोवर जंतू रानातल्या खारींपर्यंत पोचला होता. तो अजून तिथेच आहे. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत कँपिंगला गेलात तर खारींपासून दूर राहा, असं सांगणाऱ्या पाट्या दिसतात, त्या याच प्लेगच्या.