बोर्ली पंचतन ते महाड : सायकलच्या वेगाने खाडीकाठचा इतिहास

विषय वाचून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानात सायकल कुठून आली? इतिहास म्हटला की आपल्याला गड आठवतात, तह आठवतात, लढाया आठवतात. पण माणसं एका गावाहून दुसऱ्या गावाला कशी जात होती, कुठे थांबत होती, कुणासाठी खोळंबत होती, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. तो आज आपण श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनच्या आसपास विचारणार आहोत.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्या वाटा व्यापाराने सोडल्या, त्याच वाटांवर पुढे निवांत हिंडणारा सायकलस्वार येतो. त्याला जी शांतता भेटते, तिच्यामागे बहुतेक वेळा एखादं बंद पडलेलं बंदर असतं.

आधी एक लांबचं उदाहरण घेऊ, कारण तिथे ही गोष्ट स्वच्छ दिसते. फ्रान्समधली ल्वार नदी. रेल्वे येण्याआधी या नदीतून सपाट तळाच्या होड्या मीठ, दारू, धान्य वाहून नेत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि नदीवरची वाहतूक बघता बघता संपली. काठावरची गावं, वाडे, पुराचं पाणी अडवायला घातलेले लांबच लांब बांध, हे मात्र जागच्या जागी राहिलं. आज त्या खोऱ्यातून सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग जातो, आणि खोऱ्याचा मोठा पट्टा २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आज लोक सुटी काढून जिथे सायकल चालवतात, तो एके काळचा मालवाहतुकीचा रस्ता आहे.

पण नुसता रस्ता रिकामा होऊन भागत नाही, हिंडणाऱ्याकडे वेळही लागतो. सेंट एतियेनचे पॉल द विवी, ज्यांना सगळे 'वेलोसिओ' या टोपणनावाने ओळखत, त्यांनी १८८७ मध्ये सायकलीला वाहिलेलं मासिक काढलं. शर्यत जिंकण्यापेक्षा देश पाहण्यासाठी सायकल चालवावी, असं त्यांचं सांगणं. चढ सोपा व्हावा म्हणून गिअर बदलता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. शर्यतवाल्यांना ते कमीपणाचं वाटे. तूर द फ्रान्समध्ये आजच्यासारखे गिअर वापरायला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती! आणि सामान्य कामगार सायकल घेऊन बाहेर पडला तो १९३६ मध्ये, कारण त्या वर्षी कायद्याने त्याला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. म्हणजे बघा, निवांतपणालाही कायदा लागतो.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ ला काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले अदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघं १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. पण ते साहस होतं, हिंडणं नव्हे. कोकणात सायकल आली ती कामाला. टपालवाल्याची सायकल, पाववाल्याची सायकल, मागच्या कॅरिअरला मासळीची पाटी बांधलेली सायकल. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यानेही भरपगारी रजा दिली. वर्षात २४० दिवस काम भरलं की दर वीस दिवसांमागे एक दिवस. पण गिरणीतल्या चाकरमान्याने ती रजा घालवली कुठे? गणपतीला, शिमग्याला, शेतीच्या कामाला. त्याची रजा म्हणजे गाव. रजा काढून दुसऱ्याच्या गावी सायकल चालवायला जायचं, ही आपल्याकडे अगदी कालपरवाची गोष्ट आहे.

आता बोर्लीत मुक्काम ठोकू. बोर्ली ही आसपासच्या गावांची बाजारपेठ. इथून दिवेआगर चार-पाच किलोमीटर, सायकलने अर्धा तासही लागत नाही. त्या दिवेआगरात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट सापडला. मराठीतला आद्य ताम्रपट म्हणून तो ओळखला जातो. काळ शिलाहारांचा. तिथल्या रूपनारायणाच्या देवळातली मूर्तीही त्याच परंपरेतली, बाजूच्या प्रभावळीत दशावतार कोरलेले. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांमधलं हे शांत गाव. पण जिथे व्यवहार तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवावा लागतो, तिथे मालमत्ता असते, तंटे असतात, लिहिणारे असतात. दिवेआगर आडगाव नव्हतं.

उत्तरेला दिघीकडे गेलात की राजपुरीची खाडी आडवी येते. तिच्या तोंडावर जंजिरा. हा किल्ला मराठ्यांना कधी घेता आला नाही, आणि सिद्दीचं संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत श्रीवर्धन, म्हसळा हा सगळा मुलूख जंजिरा संस्थानात होता. पण खाडीचा इतिहास सिद्दीपाशी सुरू होत नाही. खाडीच्या वरच्या टोकाला मांदाड आणि कुडा. कुड्याच्या डोंगरात २६ लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. लेणी खोदायला पैसे कोणी दिले, ते तिथल्या शिलालेखांत लिहिलंय. राजघराण्याशी संबंध असलेली माणसं आहेतच, पण वैद्य आहे, फुलं विकणारा माळी आहे, आणि करहाकडचा, म्हणजे आपल्या कऱ्हाडचा, लोखंडाचा व्यापारी आहे. कऱ्हाड घाटावर आणि दान खाडीच्या काठावर! म्हणजे घाट उतरून माल या खाडीत येत होता. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनात 'मंदगोरा' नावाचं बंदर येतं, ते मांदाड असावं असं काही अभ्यासकांना वाटतं, काहींना ते बाणकोट वाटतं. कसंही असो, दोन्ही ठिकाणं खाडीवरच आहेत.

आता दक्षिणेला वळा. शेखाडीवरून समुद्राच्या कडेकडेने श्रीवर्धन. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला डोंगर, मधेमधे दम काढणारे चढ. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव. घरात तिथली देशमुखी. सिद्दीशी बिनसलं तेव्हा गाव सोडून ते घाटावर गेले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. पुण्याच्या सत्तेची एक मुळी या सुपारीच्या वाडीत आहे. पुढे हरिहरेश्वर, आणि मग बागमांडल्याला रस्ता संपतो. समोर सावित्रीचं मुख, पलीकडे बाणकोटचा किल्ला. हा किल्ला १७५६ मध्ये पेशव्यांशी झालेल्या करारानुसार इंग्रजांकडे गेला. एवढ्या लहान किल्ल्यावर त्यांचा डोळा का? कारण सावित्रीतून आत महाडच्या पेठेकडे जाणारं गलबत त्याच्या नजरेखालून जायचं.

सावित्रीच्या काठाने वर चला. आंबेत लागतं, बॅरिस्टर अंतुल्यांचं गाव. आणखी वर दासगाव. आज महामार्गावरून गाडीने जाताना दासगाव कधी आलं आणि कधी गेलं, कळत नाही. पण हे बंदर होतं. चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि परिषदेला आलेल्या हजारोंनी प्राशन केलं, हे आपण शाळेत शिकतो. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, दुसऱ्या परिषदेसाठी, बाबासाहेब आणि मुंबईचे सहकारी बोटीने आले, ते या दासगाव बंदरावर उतरले. तिथून महाड पाचेक मैल. त्याच संध्याकाळी मनुस्मृतीचं दहन झालं.

ते पाच मैल सायकलने सावकाश जावेत, असं आम्हाला वाटतं. कारण सार्वजनिक पाणी, सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक धक्का हे शब्द आपण आज सहज वापरतो. या वाटेवर 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ माणसांनी मार खाऊन मिळवलाय. मार्चमध्ये तळ्यावरून परतणाऱ्या लोकांना महाडात मारहाण झाली होती. आपण मोकळेपणाने, कुणाला न विचारता, हव्या त्या गावातून सायकल नेतो, हव्या त्या नळावर बाटली भरतो. हा मोकळेपणा शंभर वर्षांपूर्वी इथे सगळ्यांच्या वाट्याला नव्हता.

मग या वाटा रिकाम्या कधी झाल्या? कोकणची आगबोट मुंबईहून सुटायची आणि बंदरं घेत घेत खाली जायची. पावसाळ्यात बंद. तिच्यातही धोका होताच. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि शेकडो माणसं गेली. पुढे रस्ते झाले, एसटी आली, बोट थांबली. मुंबई-गोवा महामार्ग आतल्या बाजूने गेला. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण धावू लागली, तीही आतून. बोर्लीच्या माणसाला गाडी पकडायची तर माणगाव गाठायचं. समुद्राकडे तोंड करून वसलेल्या गावांना अचानक पाठ फिरवून बसावं लागलं. ल्वारच्या काठी झालं, तेच इथे झालं. आज सायकलवाल्याला दिवेआगर-श्रीवर्धनचा रस्ता आवडतो, कारण गर्दी दुसरीकडून जाते.

पण ल्वारमध्ये आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. आपल्या खाड्या अजून पुऱ्या रिकाम्या झालेल्या नाहीत. दिघी-आगरदांडा आणि बागमांडला-वेसवी इथे जंगलजेटी चालते, तिच्यावर मोटारी, दुचाक्या, सायकली, भाजीच्या पाट्या सगळं एकत्र पार होतं. मुंबईहून येणाऱ्याला २०२० पासून मांडव्यापर्यंत रो-रो बोटही आहे. म्हणजे सायकल आणि बोट यांच्या जोरावर मुंबई ते बाणकोट हा जुना किनारमार्ग आज पुन्हा करता येतो. खाडी आली की उतरायचं, थांबायचं. त्या थांबण्यात शेजारच्या माणसाशी बोलणं होतं. खाडीकाठची गावं या थांबण्यामुळेच वसली. जिथे माणूस खोळंबतो तिथे आधी चहाचं दुकान होतं, मग बाजार.

आता रेवस ते रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात या दोन्ही खाड्यांवर पूल आहेत. हिंडायला येणाऱ्याला ते नकोसे वाटतात. त्याला आमचं उत्तर असं आहे: पूल हवेत. रात्री बाळंतिणीला कळा सुरू झाल्या आणि जेटी बंद असली, तर समोर दिसणारा काठ आंबेतच्या पुलावरून मोठा वळसा घालून गाठावा लागतो. आपल्या सुटीतल्या शांततेसाठी तिथल्या माणसाने हा वळसा घालत राहावं, ही मागणी करायचा आपल्याला काही अधिकार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं, पोफळी आडव्या झाल्या, वर्षानुवर्षांचं उत्पन्न एका दुपारी गेलं. त्यानंतर तर रस्ता, दवाखाना, बाजार जवळ असणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मागणी करायचीच तर दुसरी करू. पूल बांधताना त्याच्यावर पायी आणि सायकलने जाणाऱ्याला वेगळी जागा असावी. आणि पूल झाला म्हणून धक्के मोडू नयेत. ल्वारकाठचे बांध लोकांनी टिकवले म्हणून आज त्यांवरून सायकल जाते आणि गावाला चार पैसे मिळतात. दासगाव, दिघी, बागमांडला इथल्या धक्क्यांचंही तसं होऊ शकतं. पुलावरून जाणारा माणूस खाडी दोन मिनिटांत ओलांडेल, पण दासगावला कोण उतरलं होतं, हे त्याला पुलावरून दिसणार नाही.

तेव्हा एक विनंती. थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, या बाजूला सायकल घेऊन याल तेव्हा प्रत्येक धक्क्यावर थोडं थांबा. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आगबोट कुठे लागायची, पडाव कुठून सुटायचा, उतारूंना होडीतून कोण आणायचं, पैसे किती पडायचे. आणि सांगतील ते नावागावासकट, तारीख घालून लिहून ठेवा. हे सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि पुलाच्या आराखड्यात त्यांच्या आठवणींसाठी रकाना नाही.

आता प्रश्न घेऊ.