नाव उरतं, चेहरा जातो

पदरच्या पैशांनी चित्रकथा छापायच्या आणि कॉमिकच्या मेळ्यांत, इतिहासाच्या कार्यक्रमांत टेबल मांडून विकायच्या, हा आमचा उद्योग. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर गर्दी लोटते, तेव्हा जुन्नरला आम्ही येतोच. पण आमच्या कामाचा जुना धडा आहे घाटमाथ्यावर, नाणेघाटात. तिथल्या लेण्यात सातवाहन घराण्याच्या मूर्ती कोरल्या होत्या आणि डोक्यांवर ब्राह्मीत नावं: सिमुक, सातकर्णी, नागनिका. खाली चित्र, वर मजकूर. दोन हजार वर्षांपूर्वीची ही आमचीच मांडणी! आज मूर्ती गेल्यात, नावं राहिलीत.

आंबेगावचंही तसंच. मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, नाव मात्र आंबेगावच.

अशा जागी हरवलेलं चित्र आम्ही काढतो. टेबलाशी उभं पोर विचारतं, "नागनिका अशीच दिसायची का?" "हो" म्हटलं की पुस्तक खपतं, पण तोच चेहरा त्याच्या मनात इतिहास म्हणून बसतो. म्हणून आम्ही सांगतो, नाव दगडावरचं आहे, चेहरा आमचा. आणि हे पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापायला हवं.