सक्तमजुरीचे चक्र आणि वकिलाचे मेज

मेजाखाली मंद गतीने सरकणाऱ्या पट्ट्यावर पावले टाकीत करारनाम्याची कलमे तपासणारा वकील अमेरिकेतील शहरांत आता नवलाचा राहिलेला नाही. परंतु ज्या यंत्रावर तो स्वखुशीने उभा राहतो, त्या यंत्राचा मूळ पुरुष इंग्लंडच्या तुरुंगात जन्मला होता आणि त्यावर माणसे चढत ती न्यायाधीशाच्या हुकुमाने, हे त्या व्यवसायातील फार थोड्यांच्या ध्यानी असेल.

1818 च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंजिनियराने सफक परगण्यातील रिकामे बसलेले कैदी पाहून ही योजना काढली. पाणचक्कीच्या चाकासारखे, पण पुष्कळ लांब असे आडवे चक्र. त्याच्या परिघावर फळ्यांच्या पायऱ्या. आणि त्या पायऱ्यांवर ओळीने उभे राहून, वरच्या दांड्याला धरून चढणारे कैदी. पाय ठेवावा तो पायरी खाली जाई, म्हणून चढण कधी संपत नसे. ब्रिक्स्टनच्या तुरुंगात 1821 साली बसविलेल्या चक्रावर निदान धान्य तरी दळले जाई. कित्येक ठिकाणी मात्र चक्राला काहीच जोडलेले नसे, आणि माणसाचे श्रम केवळ वारा दळण्यात खर्ची पडत. निष्फळ श्रम हीच शिक्षा, असा हा विचार होता. 1865 च्या तुरुंगविषयक कायद्याने तर सक्तमजुरीच्या पहिल्या वर्गात या चक्राची नावानिशी गणना केली. 25 मे 1895 रोजी लेखक ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी फर्मावणारे न्यायमूर्ती आल्फ्रेड विल्स हे तरुणपणी, बॅरिस्टर असतानाच, 1854 साली आल्प्समधील वेटरहॉर्न शिखर चढून गेलेले आणि पुढे आल्पाइन क्लबचे अध्यक्ष झालेले नामांकित गिर्यारोहक होते. चढण्याचा आनंद इतका जाणणाऱ्या माणसाच्या निकालामुळे पेंटनव्हिलच्या तुरुंगात वाइल्डला शिखर नसलेली चढण चढावी लागली, ही गोष्ट मला त्या साऱ्या खटल्यात विलक्षण दुःखद वाटते. पुढे 1898 च्या कायद्यानंतर हा प्रकार हळूहळू मोडीत निघाला.

विसाव्या शतकाच्या मध्यास सिॲटलचे डॉ. रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनी हृदयपरीक्षेसाठी सरकत्या पट्ट्याचे यंत्र सिद्ध केले, आणि तेथून ते घरोघर पोहोचले.

इकडे वकील मात्र खुर्चीला जखडला जात होता. अदालतीत उभे राहून बोलणे हा त्याचा मूळ धर्म. पण व्यवसायाचा मोठा भाग दफ्तरात, दस्तऐवजांच्या मसुद्यांत सरकला, आणि अशिलाकडून तासाच्या हिशेबाने फी घेण्याची पद्धत रूढ झाली. 1958 साली अमेरिकन बार असोसिएशनच्या एका पुस्तिकेने वर्षाला सुमारे 1,300 तास हे आकारणीयोग्य कामाचे प्रमाण धरले होते. आज मोठ्या पेढ्या तरुण वकिलाकडून 1,800 ते 2,000 तासांची अपेक्षा करतात, आणि तासाची नोंद सहा सहा मिनिटांच्या तुकड्यांत होते. अशा हिशेबात उठून फेरी मारणेही बुडीत खाती पडते.

लंडनच्या बसगाड्यांवर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस यांनी 1953 सालीच दाखविले होते. पुढे मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी चालत काम करण्याचे मेज बनवून मोजमाप केले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लहानशा प्रयोगात बसून ताशी सुमारे 72 किलोकॅलरी खर्च होत असे, ती ताशी सुमारे मैलभराच्या संथ गतीने चालत 191 पर्यंत गेली. पुरावे वाचणे, दूरध्वनीवर अशिलाचे म्हणणे ऐकून घेणे, अशी कामे या गतीवर सहज होतात. बारीक दुरुस्त्यांचा मसुदा मात्र स्थिर बसूनच लिहावा.

यंत्र वापरावे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु पेढ्यांच्या चालकांना एक विनंती आहे: वकील चालू लागला म्हणून त्याच्या तासांचा आकडा आणखी वाढवू नका, आणि सायंकाळी मोकळ्या रस्त्यावर फिरायला त्याला वेळ द्या.